सर्व्हर आणि ब्राउझर, दोन्हीकडे चालणारी भाषा निवडताना

दादर स्थानकाजवळच्या एका पोळीभाजी केंद्राला ऑर्डर घेण्यासाठी वेबसाइट हवी आहे, असे समजा. ग्राहक सकाळी लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर पान उघडतो, आठ पोळ्या आणि पाव किलो भाजी निवडतो, नाव, मोबाइल क्रमांक व पिनकोड भरतो आणि संध्याकाळी घरी जाताना पार्सल उचलतो. पोळ्यांची संख्या वाढवताच खालची रक्कम बदलते, ते काम त्याच्या मोबाइलमधल्या ब्राउझरमध्ये होते. ऑर्डर नोंदवणे, ती स्वयंपाकघरातल्या पडद्यावर दाखवणे आणि दिवसअखेर हिशेब काढणे, हे काम सर्व्हरवर, म्हणजे साइट चालवणाऱ्या दूरच्या संगणकावर होते. या दोन्ही कामांना एकच भाषा वापरावी की दोन, आणि त्या कोणत्या, हे ठरवताना नवशिक्यांचे महिने वाया जाताना मी पाहिले आहेत. म्हणून तो निर्णय कसा घ्यावा, ते येथे पायरीपायरीने मांडतो. एकट्याने किंवा दोघातिघांनी मिळून पहिली वेबसाइट उभी करणाऱ्यांसाठी हे लिहिले आहे. शंभर जणांच्या कंपनीची गणिते वेगळी असतात.

पहिली पायरी: ब्राउझरने आधीच काय ठरवून ठेवले आहे, ते समजून घ्या

सर्व्हर तुमच्या ताब्यात असतो, त्यावर हवी ती भाषा बसवता येते. ब्राउझर मात्र ग्राहकाचा असतो, आणि क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज या सगळ्यांना थेट कळणारी प्रोग्रॅमिंगची भाषा जावास्क्रिप्ट हीच आहे. १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत असताना तिचा पहिला आराखडा अवघ्या दहा दिवसांत तयार केला, आणि १९९७ मध्ये तिचे प्रमाणीकरण झाले. घाईत जन्मल्याच्या काही खुणा तिच्यात आजही सापडतात, पण २०१५ च्या मोठ्या सुधारणेनंतर ती पुष्कळ नेटकी झाली आहे. दहा वर्षांपूर्वी कोणी तिला नावे ठेवलेली ऐकली असतील, तर त्यातली बरीचशी तक्रार आता जुनी झाली आहे.

तिची जागा घेण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. जावा या वेगळ्या भाषेतले ॲप्लेट, म्हणजे पानात चालणारे छोटे प्रोग्रॅम, आले आणि गेले. फ्लॅशचा आधार २०२० च्या अखेरीस बंद झाला. गूगलने २०११ मध्ये आणलेली डार्ट ही भाषा क्रोममध्ये थेट चालावी हा बेतही पुढे सोडून दिला गेला. टाइपस्क्रिप्ट, डार्ट, कॉटलिन या भाषांत ब्राउझरसाठी लिहिता येते, पण ते लेखन बहुधा जावास्क्रिप्टमध्ये रूपांतरित होऊनच चालते. वेबअसेंब्ली, म्हणजे इतर भाषांतले प्रोग्रॅम ब्राउझरला चालवता येतील अशा रूपात देण्याचा दुसरा मार्ग, २०१७ पासून प्रमुख ब्राउझरांत उपलब्ध आहे, आणि त्याच्या आधारे रस्ट, सी शार्प, अगदी पायथनसुद्धा ब्राउझरमध्ये चालते. पण वेबअसेंब्लीतून पानावरच्या बटणाला किंवा रकान्याला हात लावायचा झाला, तरी तो जावास्क्रिप्टच्या मध्यस्थीनेच लावावा लागतो. शिवाय पायथन ब्राउझरमध्ये चालवायचे म्हणजे पायथनचा संपूर्ण दुभाषा, म्हणजे तिचे लेखन वाचून चालवणारा प्रोग्रॅम, आधी ग्राहकाच्या मोबाइलवर उतरवावा लागतो, आणि तो काही मेगाबाइटचा असतो. ज्या ग्राहकाचे नेटवर्क मशीद बंदरच्या आसपास एकदा जाते आणि भायखळ्याला परत येते, त्याला आठ पोळ्यांसाठी एवढे ओझे उचलायला लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

थोडक्यात, ब्राउझरपुरती निवड झालेलीच आहे. तुमचा खरा निर्णय एवढाच उरतो, की सर्व्हरसाठी आणखी एक भाषा शिकायची की हीच पुढे न्यायची.

दुसरी पायरी: काम कागदावर मांडा

भाषांची तुलना करण्यापूर्वी एक कागद घ्या, मधोमध उभी रेघ ओढा आणि डावीकडे ब्राउझरमध्ये होणारी, उजवीकडे सर्व्हरवर होणारी कामे लिहा. रक्कम लगेच दाखवणे डावीकडे, ऑर्डर साठवणे उजवीकडे. काही कामे दोन्ही बाजूंना लिहावी लागतील: पिनकोड सहा अंकी आहे का, मोबाइल क्रमांक दहा अंकी आहे का, एकूण रक्कम किती झाली. या दुहेरी कामांभोवती पेन्सिलने गोल करा. लेखाचा मुख्य मुद्दा त्या गोलांतच आहे आणि चौथ्या पायरीत आपण त्याकडे येऊ.

तिसरी पायरी: सर्व्हरच्या भाषा त्यांच्या स्वभावासकट ओळखा

पीएचपी ही १९९५ पासूनची भाषा आहे, वर्डप्रेस हे साइट बनवण्याचे लोकप्रिय साधन तिच्यातच लिहिलेले आहे, आणि स्वस्तातल्या बहुतेक शेअर्ड होस्टिंगवर (एकच सर्व्हर अनेक साइटना भाड्याने देणाऱ्या सेवेवर) ती आधीपासून बसवलेली असते. फाइल चढवली की पान सुरू होते. पायथन १९९१ मधली. तिची वाक्यरचना नवशिक्याला लवकर उमजते, जॅंगोसारखी भक्कम चौकट, म्हणजे साइटचा तयार सांगाडा, तिच्यात २००५ पासून उपलब्ध आहे, आणि आकडेवारी किंवा मशिन लर्निंगचे काम पुढे यायचे असेल तर तिला तोड नाही. जावा आणि सी शार्प मोठ्या संस्थांच्या जुन्या, भारदस्त प्रणालींत भेटतात. गो ही वेगवान आणि साधी आहे, पण पहिली भाषा म्हणून मी ती सुचवत नाही.

जावास्क्रिप्ट सर्व्हरवर आणण्याचे श्रेय रायन डाल यांना जाते. गूगलने क्रोमसाठी बनवलेले व्ही८ हे जावास्क्रिप्ट चालवणारे इंजिन ब्राउझरच्या बाहेर काढून त्यांनी २००९ मध्ये नोड हे साधन तयार केले. पुढे डाल यांनीच डेनो नावाचे दुसरे साधन काढले, आणि बन हे तिसरेही आता वापरात आहे. नवशिक्याने मात्र नोडपासूनच सुरुवात करावी, कारण अडचण आली की उत्तर सापडण्याची शक्यता तेथे सर्वाधिक आहे.

नोडची काम करण्याची रीत नीट समजून घेणे गरजेचे आहे, आणि त्यासाठी पोळीभाजी केंद्राच्या काउंटरइतके चांगले उदाहरण नाही. काउंटरवरच्या ताई तुमची ऑर्डर घेतात, चिठ्ठी आत सरकवतात, तुम्हाला टोकन देतात आणि लगेच पुढच्या माणसाकडे वळतात. तुमच्या पोळ्या भाजून होईपर्यंत त्या तुमच्यासमोर थांबून राहत नाहीत. आतून पार्सल आले की टोकनचा क्रमांक पुकारतात. म्हणूनच ऑफिस सुटण्याच्या वेळची रांगही एकटी बाई सांभाळू शकते. नोडमध्ये तुमचा प्रोग्रॅम चालवणारा मुख्य धागा (एका वेळी एकच काम करणारा प्रवाह) असाच एकच असतो, आणि डेटाबेसकडून, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या प्रोग्रॅमकडून, उत्तर येईपर्यंत तो इतर ग्राहकांकडे पाहतो. आता त्याच ताई काउंटर सोडून स्वतः कणीक मळायला बसल्या, तर काय होईल? रांग जागच्या जागी थांबेल. नोडमध्ये एखादे लांबलचक गणित किंवा मोठ्या छायाचित्रावरची प्रक्रिया मुख्य धाग्यातच लिहिली, तर नेमके हेच होते, आणि एका ग्राहकाच्या कामापायी बाकी सगळे ताटकळतात. असे काम वेगळ्या वर्करकडे, म्हणजे बाजूला चालणाऱ्या दुसऱ्या धाग्याकडे, सोपवावे लागते. ऑर्डर घेणे, नोंद करणे, यादी दाखवणे अशी कामे असतील, तर मात्र ही रीत उत्तम चालते.

चौथी पायरी: एकच नियम दोन भाषांत लिहून पाहा

एक भाषा घेतली की शिकण्याचे कष्ट निम्मे होतात, असे सांगितले जाते. ते काही अंशी खरे आहे, पण मला त्याहून मोठा वाटणारा फायदा वेगळा आहे, आणि तो प्रत्यक्ष करून पाहिल्याशिवाय पटत नाही.

तुमच्या फॉर्ममध्ये पिनकोडचा रकाना आहे. नियम साधा आहे, सहा अंक हवेत. दादरचा एखादा ग्राहक इंग्रजी अंकांत 400014 लिहितो आणि सगळे सुरळीत होते. पुढच्या ग्राहकाच्या मोबाइलवर मराठी कळफलक सुरू आहे, म्हणून तो ४०००१४ असे लिहितो. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट अंक ओळखण्यासाठी रेग्युलर एक्स्प्रेशनमधली (मजकुराचा साचा तपासण्याच्या रीतीतली) नेहमीची खूण वापरते, आणि त्या खुणेला शून्य ते नऊ हे केवळ इंग्रजी अंक कळतात, म्हणून ती हा पिनकोड नाकारते. पायथनमध्ये तीच खूण, त्याच अर्थाने लिहिलेली, देवनागरी अंकही स्वीकारते. इतकेच नव्हे, तर ४०००१४ या अक्षरमालेची पायथनमध्ये पूर्णांक संख्या विनातक्रार होते आणि जावास्क्रिप्टमध्ये होत नाही. दोन्ही ठिकाणी नियम अक्षरशः सारखा दिसतो, दोन्ही प्रोग्रॅम आपापल्या परीने बरोबर आहेत, आणि तरीही आपला मराठी ग्राहक मधल्या मध्ये अडकतो.

दुसरे उदाहरण शब्दाच्या लांबीचे. क्रोममध्ये एफ१२ दाबून कन्सोल, म्हणजे ब्राउझरला थेट आज्ञा देण्याची जागा, उघडा आणि ‘मुंबई’ या शब्दाची लांबी विचारा. तुम्हाला मुं, ब, ई अशी तीन अक्षरे दिसतात, पण उत्तर ५ येते, कारण म, उकार, अनुस्वार, ब आणि ई हे पाच घटक वेगवेगळे मोजले जातात. पायथनही ५ म्हणते. पीएचपीमध्ये लांबी मोजण्याचे सर्वांत परिचित फंक्शन (नाव देऊन ठेवलेली आज्ञांची जुळणी) १५ सांगते, कारण ते बाइट, म्हणजे साठवणीची एकके, मोजते आणि यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट घेतो. तेथे घटक मोजणारे वेगळे फंक्शन आठवणीने वापरावे लागते. नावासाठी कमाल ३० अशी मर्यादा तुम्ही ब्राउझर आणि सर्व्हर या दोन्ही ठिकाणी लिहिली आणि मोजण्याची एकके वेगळी निघाली, तर ब्राउझरने स्वीकारलेले नाव सर्व्हर परत पाठवतो. इंग्रजी नावांनी चाचणी घेणाऱ्याच्या हे कधीच लक्षात येत नाही. मराठी नावे भरणारा माणूस पहिल्याच दिवशी यात सापडतो.

कागदावर ज्या कामांभोवती गोल केले होते ती हीच. दोन्हीकडे जावास्क्रिप्ट असेल, तर पिनकोड तपासणारे फंक्शन एकाच फाइलमध्ये लिहून ती फाइल ब्राउझर आणि सर्व्हर अशा दोघांना देता येते. उद्या देवनागरी अंक स्वीकारायचे ठरवले, तर बदल एकाच ठिकाणी होतो. नवशिक्याने पहिल्या प्रकल्पासाठी दोन्हीकडे जावास्क्रिप्ट घ्यावी, असे मी सांगतो ते मुख्यतः या कारणासाठी.

पाचवी पायरी: भाषा एक असली तरी घरे दोन आहेत, हे विसरू नका

ब्राउझरमध्ये पान असते, बटणे असतात; सर्व्हरवर यांपैकी काही नसते. सर्व्हरवर फाइली असतात, डेटाबेस असतो, त्याचा पासवर्ड असतो. ब्राउझरला यांपैकी काही दिसता कामा नये. दोन्हीकडे एकच भाषा असली की फाइली इकडून तिकडे सहज जातात, आणि म्हणून पासवर्ड किंवा पेमेंटची गुप्त किल्ली असलेली फाइल चुकून ब्राउझरकडे जाण्याचा धोकाही वाढतो. सामायिक नियमांसाठी स्वतंत्र फोल्डर ठेवा आणि त्यात कोणतेही गुपित कधीही लिहू नका.

ब्राउझरमधली तपासणी ग्राहकाच्या सोयीसाठी असते. कन्सोल उघडता येणारा कोणीही ती ओलांडून हवा तो मजकूर सर्व्हरला पाठवू शकतो, म्हणून तेच फंक्शन सर्व्हरवर पुन्हा चालवायचेच, आणि रक्कमही ब्राउझरने पाठवलेली न घेता सर्व्हरने स्वतः मोजायची. रक्कम मोजताना रुपये दशांशात न ठेवता पैसे पूर्णांकात ठेवावेत, कारण जावास्क्रिप्टमध्ये, आणि पायथनमध्येही, ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही.

घरे दोन असल्याचा धडा मला स्वतःला एका होळीला मिळाला. मी अशाच एका केंद्रासाठी ऑर्डरचे पान केले होते, दोन्हीकडे जावास्क्रिप्ट होती आणि तारीख काढणारे फंक्शनही सामायिकच होते. होळीच्या आदल्या रात्री मध्यरात्र उलटल्यावर, सव्वाबारा वाजता, एका ग्राहकाने त्याच दिवसासाठी वीस पुरणपोळ्यांची ऑर्डर दिली. सकाळी स्वयंपाकघरातल्या यादीत ती दिसलीच नाही. संध्याकाळी ते गृहस्थ पिशवी घेऊन काउंटरवर उभे राहिले तेव्हा आम्ही शोधाशोध केली, आणि ऑर्डर आदल्या दिवसाच्या यादीत सापडली. मी तारीख काढण्यासाठी आयएसओ स्वरूपातली (वर्ष-महिना-दिवस आणि पुढे वेळ अशी) अक्षरमाला घेऊन तिची पहिली दहा अक्षरे वापरली होती, आणि ती अक्षरमाला नेहमी यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार तयार होते. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे आपल्या रात्री सव्वाबाराला तेथे आदल्या दिवसाचे सायंकाळचे पावणेसात वाजलेले असतात. दिवसा चाचणी घेताना ही चूक दिसण्याची शक्यताच नव्हती. ती मध्यरात्र ते पहाटे साडेपाच एवढ्याच वेळात घडत होती. त्या संध्याकाळी केंद्र चालवणाऱ्या काकूंनी स्वतःच्या घरच्या पुरणपोळ्या त्या गृहस्थांना बांधून दिल्या. मला त्याचे आजही वाईट वाटते.

तेव्हापासून मी वेळ साठवताना यूटीसीमध्येच साठवतो, पण दिवस ठरवताना ‘आशिया/कोलकाता’ हा टाइमझोन नाव घेऊन सांगतो, आणि तो ब्राउझरवर किंवा सर्व्हरवर सोडत नाही. सर्व्हर मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये असला, तरी त्याचे घड्याळ बहुधा यूटीसीवरच लावलेले असते.

सहावी पायरी: साइट कोठे राहणार, ते भाषा पक्की करण्यापूर्वी विचारा

नोडचा प्रोग्रॅम सतत चालू ठेवावा लागतो. ज्या होस्टिंगवर केवळ फाइली चढवता येतात तेथे तो चालत नाही, म्हणून पैसे भरण्यापूर्वी ‘नोड चालेल का’ हा प्रश्न लेखी विचारा. ग्राहकाने आधीच वर्षभराचे पीएचपी होस्टिंग घेऊन ठेवले असेल आणि साइट मुख्यतः माहिती दाखवणारी असेल, तर सर्व्हरवर पीएचपी आणि ब्राउझरमध्ये थोडी जावास्क्रिप्ट, ही जोडीच शहाणपणाची ठरते. नोड घेताना एलटीएस असा उल्लेख असलेली आवृत्ती घ्या, कारण तिला दीर्घकाळ दुरुस्त्या मिळतात.

नोडसोबत एनपीएम येते, आणि त्यावर पॅकेजांचा, म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेल्या तयार प्रोग्रॅमांचा, सुकाळ आहे. हात आखडता ठेवा. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचे जेमतेम ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतले आणि त्यावर प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष विसंबलेले जगभरचे प्रकल्प अडून पडले. जे दहा ओळींत स्वतः लिहिता येते त्यासाठी पॅकेज घेऊ नका, आणि कोणत्या पॅकेजची कोणती आवृत्ती घेतली हे नोंदवणारी लॉक फाइल प्रकल्पासोबत जपून ठेवा.

सातवी पायरी: टाइपस्क्रिप्ट केव्हा घ्यावी

मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये आणलेली टाइपस्क्रिप्ट म्हणजे जावास्क्रिप्टच, पण प्रत्येक गोष्ट संख्या आहे की मजकूर, हे लिहून ठेवण्याची सोय असलेली. पोळ्यांच्या संख्येच्या जागी चुकून मजकूर गेला, तर जावास्क्रिप्ट ८ आणि २ यांची बेरीज ८२ करून बसू शकते. टाइपस्क्रिप्ट ती चूक प्रोग्रॅम चालण्यापूर्वी दाखवते. तरीही पहिल्या दिवसापासून ती घेऊ नये, असे मला वाटते. आधी महिनाभर साधी जावास्क्रिप्ट लिहा, अशा दोनचार चुकांमागे अर्धा अर्धा दिवस घालवा, मग ती घ्या. तेव्हा तिचा प्रत्येक नियम कशासाठी आहे ते कळते. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या: टाइपस्क्रिप्टच्या खुणा प्रोग्रॅम चालताना गळून गेलेल्या असतात. फॉर्ममधून आलेला मजकूर खरोखर संख्या आहे का, हे चालत्या प्रोग्रॅमला तपासावेच लागते.

आठवी पायरी: नोकरी हे उद्दिष्ट असेल तर

तुम्हाला रोज जाता येईल अशा ठिकाणच्या पंचवीस जाहिराती वाचा. डोंबिवलीहून ऐरोली-महापे सोयीचे पडते, बोरिवलीहून अंधेरीचे सीप्झ किंवा गोरेगाव. प्रत्येक जाहिरातीत सर्व्हरसाठी कोणती भाषा मागितली आहे, त्याच्या खुणा वहीत करा. जावा किंवा सी शार्पच्या खुणा पुष्कळ झाल्या, तर पहिला प्रकल्प जावास्क्रिप्टमध्ये पूर्ण करून दुसरा त्या भाषेत करा. एका भाषेत सबंध साइट उभी केलेल्या माणसाला दुसरी भाषा पुष्कळ कमी वेळात येते. तीन भाषांचे पहिले चार धडे केलेल्याला तसा अनुभव येत नाही.

नववी पायरी: पंधरा दिवस देऊन पाहा

पहिले पाच दिवस केवळ ब्राउझर: पोळ्यांची संख्या, भाजीचे प्रकार, बदलणारी रक्कम. पुढचे पाच दिवस नोड: ऑर्डर स्वीकारणे, एसक्यूलाइटसारख्या साध्या डेटाबेसमध्ये साठवणे, त्या दिवसाची यादी दाखवणे. अकराव्या दिवशी पिनकोड आणि मोबाइल क्रमांकाचे नियम सामायिक फाइलमध्ये हलवा. पायथन किंवा पीएचपीचे मन होत असेल, तर बारावा आणि तेरावा दिवस ऑर्डर स्वीकारण्याचा तेवढाच भाग त्या भाषेत लिहिण्यासाठी ठेवा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा; कोणता आपल्याला अधिक स्वच्छ वाटतो, याचे उत्तर दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नका. चौदाव्या दिवशी संगणकाचे घड्याळ रात्री साडेबारावर नेऊन एक ऑर्डर टाका आणि ती कोणत्या तारखेला पडते ते पाहा.

पंधराव्या दिवशी ते पान घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या ज्येष्ठ माणसाच्या जुन्या मोबाइलवर उघडून द्या. मराठी कळफलक सुरू असू द्या, काही समजावून सांगू नका, आणि पिनकोडच्या रकान्यापाशी आल्यावर ते काय लिहितात ते शेजारी बसून पाहा.